'खलासार'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतल्या डोथ्राकी या भटक्या घोडेस्वार लोकांवर मराठीत लेख लिहितेय. गाडी 'खलासार'पाशी, म्हणजे एका प्रमुखामागे फिरणाऱ्या त्यांच्या जथ्यापाशी, अडलीय. 'टोळी' लिहिलं की दरोडेखोरच डोळ्यांसमोर येतात. मूळ शब्द ठेवावा, तर त्यांचा प्रमुख 'खल', आणि आपल्याकडे खल म्हटलं की खलनायक! 'कबिला' चालेल का?

– ताई, कबिला नको. ती हिंदी डबिंगची सवय. जुन्या मराठी पत्रांत कबिला म्हणजे बायकामुलं. कबिले गडावर ठेवले, म्हणजे घरची माणसं सुरक्षित जागी नेली. त्यांचा खल ड्रोगो 'कबिला घेऊन निघाला' असं लिहिलंत तर तो सासुरवाडीला निघाल्यासारखा वाटेल.

– मग सरळ 'लष्कर' लिहा की.

– लष्कर म्हटलं की शिपाईच डोळ्यांपुढे येतात. ड्रोगोबरोबर ४०,००० लढवय्ये आहेत खरे, पण त्यांच्या मागे बायका, पोरं, गुलाम असा सगळा संसार चालतो.

– तो आपल्या लष्करामागेही चालायचाच. बाजारबुणगे उगाच नाही म्हणत. आणि ग्वाल्हेरला जाऊन या. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ पडला, तो उठलाच नाही. त्याचं शहर झालं आणि नावही 'लष्कर'च राहिलं. डोथ्राकींचं मात्र उलटं. वाएस डोथ्राक हे त्यांचं एकुलतं एक शहर, तिथे सगळे खल येतात, पण हत्याराने रक्त सांडायचं नाही. मृत खलांच्या विधवांचा शब्द तिथे चालतो. काम झालं की पुन्हा गवतात.

– माझं मत 'गोट'. शिंद्यांचा गोट, होळकरांचा गोट. गोट ओळखला जातो तो माणसाच्या नावाने, जागेच्या नव्हे. खलासारचंही तेच. खल हरला की वेणी कापायची, घोड्यावर बसता येईना की त्याची सत्ता संपली, मेला की स्वार आपापला नवा खल धरून वाट फुटेल तिकडे. 'जमात' अशी एका रात्रीत मोडत नाही, गोट मोडतो. आजही पेपरात 'अंतस्थ गोटातून' बातमी येते आणि महिन्याभरात तो गोटच नाहीसा होतो.

– पण गोट म्हणजे हातातली सोन्याची बांगडीसुद्धा! आमची आजी पाटल्या आणि गोट घालायची.

– 'चाळीस हजारांचा गोट' म्हटल्यावर कोणी बांगडी समजणार नाही, मावशी. किमतीवरून समजलं तर वेगळं.

प्रश्नकर्ती : गोट पटला. अजून एक. तारे म्हणजे आगीच्या घोड्यांचा कळप, रात्री आभाळभर दौडणारा, असं ते मानतात. तिथेही गोट लिहू?

– नको. तिथे घोडीच आहेत, कळपच राहू द्या. मेलेला खल तिकडे घोड्यावरूनच जातो, म्हणून चितेवर घोडा चढवतात. तिथे छावणीचा शब्द आला की आभाळात तंबू दिसायला लागतील.

प्रश्नकर्ती : मग वाक्य असं केलंय : 'ड्रोगो घोड्यावरून पडला आणि गोट विखुरला.'

– 'विखुरला' नको. गोट फुटतो.