मदत हवी आहे : विश्वासातल्या सॉफ्टवेअरचे अपडेट कसे पारखून घ्यावे?

नमस्कार. नागपुरात सीताबर्डीवरील एका पतसंस्थेचे संगणक मी सांभाळतो. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे अपडेट पुरवठादाराच्या सर्व्हरवरून आपोआप येते आणि अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालते. सभासदांच्या ठेवी आणि कर्जखाती त्याच संगणकावर आहेत, म्हणून काळजी वाटते.

२०१७ साली युक्रेनमध्ये एम.ई.डॉक या करभरणीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच नॉटपेट्या हा संगणकातील माहिती निकामी करणारा घातक प्रोग्राम पसरला होता. २०२० साली उघडकीस आलेल्या सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात तर तिच्या ओरायन या नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अपडेटवर कंपनीची खरी डिजिटल सही होती, कारण घातक कोड सही होण्याआधीच, बिल्ड (मूळ कोडपासून बनणारे चालवण्याजोगे सॉफ्टवेअर) तयार होत असताना घुसवला गेला होता. म्हणजे सहीवरून फाइल कोणाची आहे एवढेच कळते. आत काय दडले आहे ते कळत नाही. माझ्या मते खरी अडचण हीच आहे.

अपडेट आधी वेगळ्या संगणकावर, नमुन्याच्या खात्यांवर चालवावे, ते बाहेर कोणत्या पत्त्यांशी संपर्क साधते ते फायरवॉलच्या नोंदींत पाहावे आणि मगच इतरत्र घ्यावे, असा माझा विचार आहे. परंतु सोलरविंड्समधील तो कोड सुरुवातीला सुमारे दोन आठवडे गप्प राहत असे. मग किती दिवस थांबावे, आणि तेवढ्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या लांबणीवर पडतात त्याचे काय करावे? पुरवठादाराकडून सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी कोणी लेखी मागवली असल्यास त्या पत्राचा मसुदा कृपया पाठवावा.