मदत हवी आहे: रोममध्ये तीन तासांचा प्रायव्हेट गाइड घ्यावा का?

रोमला आमच्याकडे एकच दिवस आहे आणि तोही रविवार, म्हणजे व्हॅटिकन म्युझियम बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आमचा नेमका तो नाहीये). म्हणून तीन तासांसाठी प्रायव्हेट गाइड घ्यायचं चाललंय, कोलोसियम, फोरम (त्याच्या शेजारचे प्राचीन रोमचे अवशेष), मग पँथिऑन (जुनं रोमन मंदिर) आणि ट्रेव्हीचं कारंजं. सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात आणि तिथले ते दगडी रस्ते, त्यामुळे मोठ्या ग्रुपमागे धावणं जमणारच नाही. एवढं तीन तासांत झालंय का कोणाचं? कोलोसियमचं तिकीट नावावर आणि ठरलेल्या वेळेचं असतं ना, ते आपण काढायचं की गाइड काढतो? वाटल्यास फोरम सोडू, पण पँथिऑनचा तो ४३ मीटर व्यासाचा घुमट बघायचाच आहे.