सात महिन्यांच्या मुलीसोबत मुंबई-नागपूर विमानप्रवास, काय तयारी करू?

डोंबिवलीची_आई
डिसेंबरात भावाचं लग्न आहे नागपूरला. लेक तेव्हा सात महिन्यांची असेल. जाताना मी एकटीच, नवरा लग्नाच्या आदल्या दिवशी येणार. तिचा हा पहिलाच विमानप्रवास. विचारायचं ते असं:
पोटाशी बांधायचा कॅरिअर घेऊ की स्ट्रोलर? बजेट तीन हजार, त्याच्या वर शक्य नाही. (वहिनीची जुनी स्ट्रोलर मिळू शकते, पण जरा मोठी आहे.)
कान दुखू नयेत म्हणून काय करतात?
अंगावर पिते, वर एक बाटली पावडरचं दूध लागतं. सिक्युरिटीला अडवतात का?
पहाटेचं विमान स्वस्त आहे, दुपारचं महाग. कोणतं घेऊ?

जुळ्यांचा_बाबा
कॅरिअरच घ्या, आणि त्यात पैसे वाचवू नका. आम्ही बाहेरून मागवला, तेरा हजारांना पडला. कमरेला रुंद पट्टा असल्यामुळे सगळं वजन कमरेवर येतं, खांदे दुखत नाहीत. दोन्ही मुलांना वापरला, अजून नव्यासारखा आहे.

ठाणेकर६७
त्यांनी तीन हजार लिहिलंय, तेरा नाही.
स्वस्तातल्या कॅरिअरचं क्लिप मात्र नीट तपासा. माझ्या बहिणीच्या कॅरिअरचं क्लिप दादर स्टेशनच्या जिन्यावर सुटलं. तिचा हात बाळाखाली होता म्हणून निभावलं. दुकानदाराने बदलून द्यायलाही नकार दिला.

नागपूरकरीण
विमान काहून? विदर्भ एक्स्प्रेसने या. संध्याकाळी कल्याणला बसायचं, सकाळी नागपूर. डोंबिवलीहून सहारच्या विमानतळावर टॅक्सीने जायचं म्हणजे अर्धा जीव तिथंच जातो. खालचा बर्थ मिळाला की बाळ मस्त झोपतं.
आणि डिसेंबरात आमच्याकडे थंडी असते हो, मुंबईसारखं नाही. कानटोपी, मोजे हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

ठाणेकर६७
एकट्या बाईने बाळ आणि सामान घेऊन रात्रभर ट्रेनमध्ये? बाळाला सोडून बाथरूमला कशी जाणार? दीड तासाचं विमान कधीही बरं.

नागपूरकरीण
शेजारच्या बायका धरतात बाळाला. आम्ही असंच वाढवलं.

पार्ल्याची_आजी
पोरी, घाबरू नकोस. निघताना जायफळ उगाळून चाटव आणि मधाचं बोट दे. शांत झोपते की नाही बघ. माझी सगळी नातवंडं अशीच फिरली.

बालरोग_दादर
आजी, रागावू नका, पण हे लिहायलाच हवं. एक वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही. त्यात बोट्युलिझमचे (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचे) जिवाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात. जायफळही नको, जास्त झालं तर ते विषारी ठरतं. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध तर कधीच देऊ नका. काही मुलं त्याने उलट जास्त चिडचिडी होतात आणि श्वासालाही धोका असतो.

आता कानांचं. उडताना केबिनमधली हवा साधारण ६,००० ते ८,००० फुटांवर असावी तेवढी विरळ होते. कळसूबाई ५,४०० फूट आहे, म्हणजे त्याच्याही वर. खरा त्रास उतरताना होतो, कारण बाहेरचा दाब वाढत जातो आणि कानापासून घशाकडे जाणारी नळी पटकन उघडत नाही. गिळलं की ती उघडते. म्हणून विमान खाली येऊ लागलं की पाजायला घ्या. चाकं टेकायच्या सुमारे अर्धा तास आधीच उतरण सुरू होते, तेव्हा शेवटच्या मिनिटाची वाट पाहू नका. पोट आधीच भरलं असेल तर ती पिणार नाही, त्यामुळे मधल्या वेळात पाजणं थोडं लांबवा. सर्दी किंवा कानाचं दुखणं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवा.

पार्ल्याची_आजी
आमच्या वेळी एवढे नियम नव्हते, तरी पोरं धडधाकट राहिली.

घाटकोपर_गुरू
पाजायचं म्हणून खिडकीची सीट घ्या, आडोसा मिळतो.

जुळ्यांचा_बाबा
खिडकी नको, कडेची घ्या. डायपर बदलायला दोन माणसं उठवणार का?

घाटकोपर_गुरू
दीड तासात डायपर कशाला बदलायला लागतो? चढायच्या आधी टर्मिनलच्या बेबी केअर रूममध्ये बदलून घ्यायचा. ताई, तिकिटावर टर्मिनल टी१ आहे की टी२ ते आधी बघा. एकाच कंपनीची विमानं दोन्हीकडून सुटतात आणि टॅक्सीवाला विचारत नाही. मेट्रो ३ ची स्टेशनं आता दोन्हीकडे आहेत.

ठाणेकर६७
डोंबिवलीहून मेट्रो ३ चा काय उपयोग? टॅक्सीला ऐरोली, मग जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), हाच नेहमीचा रस्ता. पहाटे तो रिकामा असतो, पण बाळाला दोनला उठवणार का? दुपारचंच घ्या.

जुळ्यांचा_बाबा
दुपारचंच. +१

नागपूरकरीण
दुपारचं. पहाटे इथं उतराल तर कुडकुडाल.

विमानतळावरची_मावशी
मी विमानतळावर काम करते, म्हणून सांगते. कुणी कागदपत्रांचं बोललंच नाही. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं, पण तिकीट काढतानाच त्याचं नाव घालायचं असतं. वयाचा पुरावा दाखवावा लागतो, जन्म प्रमाणपत्र मूळ प्रतीसह न्या. काउंटरवर यावरून रडकुंडीला आलेल्या आया मी बघते, वाईट वाटतं.
बाळाचं दूध, पाणी अडवत नाहीत, पण बॅगेतून वेगळं काढून सांगा. पावडर कोरड्या डब्यात, गरम पाणी थर्मासमध्ये, आणि बाटली प्यायच्या वेळीच बनवा. तपासणीला कॅरिअर सोडून बाळ हातात घ्यावं लागतं, स्ट्रोलर मिटून मशीनमधून जाते. विमान उडताना आणि उतरताना कॅरिअरमध्ये बाळ ठेवू देत नाहीत, तुमच्या पट्ट्याला जोडायचा छोटा पट्टा मिळतो, तो मागून घ्या. पाळणा मागू नका, तो लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत असतो. स्ट्रोलर गेटपर्यंत नेता येते का ते कंपनीला आधीच विचारा.

बालरोग_दादर
अगदी बरोबर. बनवलेलं पावडरचं दूध दोन तासांच्या आत संपवा, उरलेलं फेका. आणि कॅरिअर घेतलात तर बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर राहतील असा घ्या. पाय सरळ लोंबकळत राहणं खुब्यांना चांगलं नाही.

जुळ्यांचा_बाबा
म्हणूनच म्हटलं, चांगला घ्या. लिंक हवी असेल तर सांगा.

डोंबिवलीची_आई
सगळ्यांचे खूप आभार. मावशी आणि डॉक्टर, तुमचं लिहिलेलं नवऱ्यालाही वाचायला दिलं. जन्म प्रमाणपत्राचं डोक्यातच नव्हतं, आज कपाटातून काढून ठेवलं.
तिकीट पहाटेचं काढलं. तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलंत, पण तीन वाजता ती रोज प्यायला उठतेच. पाजून टॅक्सीत बसले की झोपेल. दुपारच्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास रडेल, आणि मी एकटी असेन. टी१ आहे, तपासलं.
कॅरिअर घेत नाहीये. कंपनीला फोन केला, स्ट्रोलर गेटपर्यंत नेता येते म्हणाले. वहिनीचीच नेईन. वाचलेल्या पैशांत लेकीला लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि जाड कानटोपी घ्यायची आहे. दादरच्या रानडे रोडला सात महिन्यांच्या मापात चांगली लोकर कुठल्या दुकानात मिळते?

पार्ल्याची_आजी
विकत कशाला घेतेस? माप पाठव, मी विणते.