गर्भातल्या अंधारात डोळा आणि मेंदू यांची जोडणी कशी होते?

वर्गशिक्षिका (प्रश्न):
नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीला चेतासंस्था शिकवताना मी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांच्या प्रयोगांविषयी सांगत होते. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा लहान वयात काही काळ शिवून बंद ठेवला, तर मेंदूच्या दृष्टिक्षेत्रातली त्या डोळ्याच्या वाट्याची जागा उघडा डोळा बळकावतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, पाहण्यामुळेच जोडणी पक्की होत असेल, तर जन्माआधी, पाहायला काहीच नसताना, तिथे काय चाललेले असते?" "ढोबळ जोडणी जनुके करतात," असे उत्तर मी दिले खरे, पण त्याने माझेच समाधान झाले नाही. दोन्ही डोळ्यांचे तंतू थॅलॅमसमधल्या (मेंदूच्या आतल्या, संवेदना पुढे पोचवणाऱ्या भागातल्या) लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस या दृष्टीच्या केंद्रात आधी एकमेकांत मिसळलेले असतात आणि मांजरात जन्माआधीच वेगवेगळ्या थरांत विभागले जातात, असे मी नंतर वाचले. कोणता तंतू कोणत्या डोळ्याचा, हे त्या पेशींना अंधारात कसे कळत असेल? या संदर्भात चेतावैज्ञानिक कार्ला शॅट्झ यांचे नाव वारंवार दिसते. त्यांच्या संशोधनाविषयी कोणी नीट समजावून सांगेल का?

दृष्टिपटल:
मी बरीच वर्षे याच विषयावर काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे, हे तिला अवश्य सांगा.

शॅट्झ यांनी आधी एक साधा प्रश्न विचारला: थर वेगळे होण्यासाठी चेतापेशींचे विद्युत आवेग लागतात का? त्यासाठी त्यांनी आणि मायकेल स्ट्रायकर यांनी मांजराच्या गर्भाच्या मेंदूत एका सूक्ष्म पंपातून टेट्रोडोटॉक्सिन सोडले. हे पफर माशात सापडणारे विष सोडियमचे मार्ग बंद करते, त्यामुळे आवेग निर्माणच होत नाहीत. सुमारे दोन आठवडे असे केल्यावर थर वेगळे झाले नाहीत आणि दोन्ही डोळ्यांचे तंतू एकमेकांत मिसळलेलेच राहिले. हा शोधनिबंध १९८८ चा. त्याच वर्षी लुसिया गाल्ली आणि लॅम्बेर्तो माफेई यांनी उंदराच्या गर्भातल्या दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या) पेशी आपोआप आवेग सोडतात, हे प्रत्यक्ष नोंदवले. म्हणजे प्रकाशाचा लवलेश नसतानाही डोळा मेंदूशी बोलत होता.

पण तो काय बोलत होता? मार्कुस माइस्टर, रेचल वाँग, डेनिस बेलर आणि शॅट्झ यांचा १९९१ चा निबंध याचे उत्तर देतो, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग तोच आहे. त्यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नवजात पिल्लांचे आणि मांजराच्या गर्भाचे दृष्टिपटल बाहेर काढून इलेक्ट्रोडच्या जाळीवर पसरले आणि एकाच वेळी शंभरपर्यंत गँग्लिऑन पेशींचे (डोळ्यातून मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या पेशींचे) आवेग टिपले. फेरेट निवडण्याचे कारण असे की त्याची पिल्ले फार अपक्व जन्मतात आणि त्यांचे डोळे सुमारे महिनाभराने उघडतात, त्यामुळे मांजरात गर्भात घडणारी गोष्ट इथे जन्मानंतर पाहता येते. त्यांना दिसले ते असे: शेजारशेजारच्या पेशी जवळपास एकदमच काही सेकंद आवेग सोडतात, मग एक ते दोन मिनिटे सारे शांत होते. प्रत्येक वेळी काहीशे मायक्रोमीटर रुंदीची एक लाट दृष्टिपटलावरून सेकंदाला सुमारे १०० मायक्रोमीटर या गतीने सरकत जाते.

प्रयोगशाळेत ॲम्प्लिफायरला स्पीकर जोडला की या लाटा ऐकूही येतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा बराच वेळ नुसती खरखर होती आणि उपकरण बिघडले असावे, असे मला वाटले. मग तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट झाला, क्षणभर वाढला आणि विरून गेला. ज्या डोळ्याने अजून काहीही पाहिलेले नाही, त्याचा तो आवाज होता. मी तो आजही विसरलेलो नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. एका डोळ्यातल्या शेजारच्या पेशी एकाच वेळी बोलतात, पण दोन डोळ्यांतल्या लाटा सहसा एका वेळी येत नाहीत. जे तंतू एकदम आवेग आणतात त्यांचे सिनॅप्स (पुढच्या पेशीशी असलेले जोड) एकमेकांना बळ देतात आणि जे वेळ चुकवतात ते मागे हटतात. त्यामुळे ओळख पटते ती वेळेवरून, आणि वेगळ्या खुणेची गरज राहत नाही. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये शिकण्याविषयी मांडलेला हाच विचार इथे जन्माआधीच्या मेंदूला लागू पडतो. डोळे उघडण्याआधीची ही रंगीत तालीम म्हणता येईल.

पट्टीवाला बाबा:
माझ्या चार वर्षांच्या मुलाला आळशी डोळ्याचे (मेंदू एका डोळ्याचा नीट वापर करत नाही, अशा दोषाचे) निदान झाले असून डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितले आहे. पट्टी लावली की तो चित्राच्या वहीवर नाक टेकेपर्यंत वाकतो आणि रडकुंडीला येतो. चांगला डोळा का झाकायचा, हे घरातल्या मोठ्यांना पटवणे मला फार जड गेले होते. मात्र वरचे वाचून एक भीती वाटते: ही जोडणी जन्माआधीच ठरत असेल, तर आता पट्टीचा उपयोग काय?

दृष्टिपटल:
तुम्ही मुळीच घाबरू नका. लाटांचे काम थॅलॅमसमधल्या पहिल्या विभागणीचे आहे. मेंदूच्या बाह्यकातली (बाहेरच्या थरातली) डोळ्यांची स्पर्धा जन्मानंतरही काही वर्षे चालू राहते आणि पट्टीचा उपचार त्याच काळाचा लाभ घेतो. डॉक्टरांनी दिलेली वेळ तेवढी नियमाने पाळा.

गिरगावकर:
मॅडमनी दिलेले उत्तर चूक नव्हते, एवढे नोंदवावेसे वाटते. लाटा येण्याआधी मेंदूचा कोणता भाग काय होणार हे ठरलेले असावे लागते, आणि ते जनुके ठरवतात. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शुभा टोळे यांच्या गटाने उंदरांवर केलेले काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एलएचएक्स२ हे जनुक नसलेल्या पेशी बाह्यक होण्याऐवजी शेजारच्या भागाला हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी संबंधित भाग) घडवायला लावणाऱ्या पेशी बनतात, असे त्यांनी २००८ मध्ये दाखवले. आधी जमीन कोणाची ते ठरते, त्यानंतर बांध घातले जातात.

वर्गशिक्षिका:
सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. पीक यायला पाणी लागतेच, पण कोणते पीक यायचे ते पाणी ठरवत नाही. लाटा केवळ पाण्यासारख्या आवश्यक आहेत, की विभागणी त्याच ठरवतात?

दृष्टिपटल:
याच प्रश्नावर या क्षेत्रात बरीच वर्षे वाद झाला. शॅट्झ यांच्याच गटाने १९९८ मध्ये फेरेटच्या डोळ्यांत औषध सोडून लाटा थांबवल्या. दोन्ही डोळ्यांत थांबवल्या तेव्हा विभागणी झाली नाही, आणि एकाच डोळ्यात थांबवल्या तेव्हा दुसऱ्या डोळ्याने त्याची जागा व्यापली. पुढे २००३ मध्ये फेरेटवरच्याच एका प्रयोगात लाटा पसरवणाऱ्या पेशी नष्ट करून शेजारच्या पेशींचा ताळमेळ बिघडवला, तरी थर वेगळे झाले. हा निष्कर्ष बाजूला सारता येत नाही आणि मी तो वर्गात नेहमी सांगतो. मला स्वतःला निर्णायक वाटतो तो मायकेल क्रेअर यांच्या गटाचा २०१२ चा प्रयोग. त्यांनी उंदराच्या पिल्लांच्या गँग्लिऑन पेशींमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन बसवले आणि प्रकाशाने आवेग हवे तेव्हा उठवले. दोन्ही डोळ्यांना एकाच क्षणी उद्दीपित केले तेव्हा विभागणी बिघडली, पण वेगवेगळ्या वेळी उद्दीपित केले तेव्हा ती बिघडली नाही. दोन्ही वेळा आवेग होतेच, म्हणजे तुमच्या भाषेत पाणी दोन्हीकडे होते. फरक केवळ वेळेचा होता.