शाश्वतता विभाग काढला की जबाबदारी संपली?

खरेदीवाला: कालच्या पोस्टमध्ये एकांनी लिहिलंय की स्वतंत्र शाश्वतता विभाग आणि दरवर्षीचा अहवाल असला की सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारी कारभारात आलीच. वाचून तिडीक गेली. अकरा वर्षं खरेदी खात्यात काढलीत मी. आमच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर दोनच रकाने होते: दर किती पाडला, माल वेळेत आला का. पुरवठादाराचं सांडपाणी कुठे जातं, याला रकानाच नाही. शाश्वतता विभागाला ऑर्डर कळायची ती निघून गेल्यावर.

ताळेबंद: अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन १९७० मध्येच सांगून गेलेत, नियम पाळून नफा वाढवणं हीच कंपनीची जबाबदारी. प्रदूषण थांबवायचंय? कायदा कडक करा. मॅनेजरने भागधारकांच्या पैशातून परोपकार करू नये.

तिसरी पाळी: नियम पाळले हे ठरवणार कोण, ऑडिटर? कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे कामगारांची सुरक्षा आणि हक्क सांभाळले जातात असा दाखला. ११ सप्टेंबरला आग लागली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज होते. आमच्याकडे ऑडिटच्या सकाळी नवे हातमोजे वाटायचे आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे. एक जोडी कमी भरली म्हणून माझा पगार कापला होता.

तपासनीस: सगळ्यांना एका माळेत ओवू नका! मी हेच काम करतो. दोन दिवसांत अख्खा कारखाना बघायचा, आणि फी देणार कारखानदारच.

तिसरी पाळी: मग पोटावर पाय येईल म्हणून गप्प बसता, असंच ना?

तपासनीस: तोंड सांभाळून बोला. मी नापास शेरे दिलेत आणि कामं गमावलीत. फीचा मुद्दा मात्र मान्य. राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळल्यावर २०१३ मध्ये बांगलादेशात कारखान्यांच्या सुरक्षिततेचा जो करार झाला, त्यात खर्च ब्रँड्सकडून आला, अहवाल जाहीर झाले आणि करार कायद्याने बंधनकारक होता. तपासणी तशी असेल तर चालते.

ताळेबंद: मूळ मुद्दा राहिला बाजूला. दानोन या फ्रेंच खाद्यपदार्थ कंपनीच्या भागधारकांनी २०२० मध्ये ९९ टक्क्यांहून जास्त मतांनी सामाजिक उद्दिष्टं कंपनीच्या नियमावलीत घातली. मार्च २०२१ मध्ये संचालक मंडळाने कंपनीचे प्रमुख फाबेर यांनाच घालवलं. परतावा कमी पडतोय म्हणून गुंतवणूकदार मागे लागले होते.

खरेदीवाला: वरून दाब असतो, हे नाइलाजाने मान्य करतो. पण नियमावली बदलायला भागधारक लागतात, फॉर्मवर तिसरा रकाना वाढवायला खरेदीप्रमुखाची सही पुरते. ती तरी करा.

तिसरी पाळी: आणि त्या रकान्यापायी महागडा पुरवठादार निवडला, तर त्या माणसाची पगारवाढ अडणार नाही, हे आधी लेखी द्या.