सात वर्षांची शांत मांजरी अचानक अंगावर धावून येऊ लागली आहे

निंबोणी (पुणे)

आमच्याकडे चिंगी नावाची सात वर्षांची मांजरी आहे. पार्किंगमधल्या एका स्कूटरखाली ऊब धरून बसलेले हे दीड महिन्याचे पिल्लू आम्ही वर आणले, तेव्हापासून ती आमच्याच घरात वाढली. आठ महिन्यांची असताना तिची नसबंदी केली आहे आणि ती घराबाहेर जात नाही. एवढ्या वर्षांत तिने कुणाला साधा ओरखडाही काढला नव्हता. पाहुण्यांची मुले तिला उचलून घरभर फिरवत, तरी ती निमूटपणे त्यांच्या कडेवर बसून राही.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी ती गॅलरीच्या सरकत्या काचेपाशी बसली होती आणि समोरच्या कठड्यावर एक दांडगा पिवळा बोका येऊन बसला होता. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि आंब्याच्या फांदीवरून त्याला गॅलरीत सहज येता येते. चिंगीच्या पाठीवरचे केस ताठ उभे राहिले होते आणि ती घशातून असा काही लांबट, खालच्या पट्टीतला आवाज काढत होती, की तो आमच्याच मांजरीचा आहे यावर माझा क्षणभर विश्वास बसला नाही. सासूबाईंनी तिला शांत करण्यासाठी पाठीवर हात ठेवला, तशी ती गर्रकन वळली आणि त्यांच्या अंगठ्याच्या व तर्जनीच्या मधल्या मांसल भागात तिने दात रुतवले. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे, आणि रोज सकाळी दुधावरची साय बोटावर घेऊन चिंगीला चाटवण्याचा नेम त्यांचाच आहे. म्हणूनच त्यांना जखमेपेक्षा त्या गोष्टीचेच अधिक लागले आहे.

आज गुरुवार. या दोन दिवसांत ती स्वयंपाकघराच्या दारातून जाणाऱ्याच्या घोट्यांवर तीनदा झेपावली. एरवी फ्रिजवर चढून बसते, कान मागे पाडून बघत राहते आणि शेपटीचे टोक सारखे आपटते. माझा नऊ वर्षांचा मुलगा खोलीबाहेर यायला घाबरतो आणि खरे सांगायचे तर मीही घाबरते. गेले दोन-तीन आठवडे ती कोरडे खाणे अर्धवट टाकते आहे, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? रेबीजची वार्षिक लस मागच्या वर्षी आमच्याकडून राहून गेली. तिला न रागावता आणि घरातल्या माणसांना धोका न पत्करायला लावता यातून मार्ग कसा काढावा?

सोनटक्का (नाशिक)

निंबोणीताई, मांजरीचा विचार नंतर करू, आधी सासूबाईंच्या हाताचे बघा. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे आणि मांजराच्या चाव्याकडे लोक किती सहज दुर्लक्ष करतात हे रोज बघते. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक असतात, त्यामुळे वरून दिसणारे भोक लगेच मिटते आणि दातांवरचे जंतू आत खोलवर कोंडले जातात. हाताच्या सांध्यांजवळ असे झाले की बारा ते चोवीस तासांत सूज, लाली आणि ठणका सुरू होऊ शकतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये. प्रतिजैविके लागतील की नाही, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवायची असते. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही लावायचे नसते. तेव्हा तुम्ही धुतली नसेल तर आत्ता धुवा. दात रुतून रक्त आले असेल तर तो तिसऱ्या श्रेणीचा चावा धरला जातो आणि त्यात लसीबरोबरच जखमेभोवती रेबीज प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिनही टोचावे लागते. लस दंडाच्या स्नायूत घेतली तर ती 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असते. त्वचेत घेतली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. 0 म्हणजे पहिली लस घेतल्याचा दिवस. दोन दिवस उलटले म्हणून आता काय उपयोग, असे समजून थांबू नका, आजच जा. चिंगीवर चाव्यापासून दहा दिवस लक्ष ठेवा. ती या काळात ठणठणीत राहिली तर चाव्याच्या वेळी तिच्या लाळेत रेबीज नव्हता असे धरता येते आणि पुढचे डोस घ्यायचे की नाहीत ते डॉक्टर सांगतात. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरीत रेबीजची शक्यता कमी असते, हे खरे आहे. परंतु तुमच्या गॅलरीत बाहेरचा बोका येतो आणि लसही राहिली आहे, म्हणून मी हा धोका पत्करणार नाही.

रानवाट (सातारा)

माझे मत कदाचित तुम्हाला रुचणार नाही. घरात वयस्कर माणूस आणि लहान मूल असताना एकदा चावलेल्या जनावरावर पुन्हा भरवसा ठेवू नये. आमच्याकडे असे मांजर पोत्यात घालून चार-पाच किलोमीटरवर मासळीबाजाराजवळ सोडत असत. तिथे त्यांचे पोट भरते.

औषधपाणी (कोल्हापूर)

मी पशुवैद्य आहे, वीस वर्षांहून अधिक काळ मांजरे तपासतो आहे. आधी रानवाट यांना नम्रपणे सांगतो, की सात वर्षे घरात वाढलेल्या मांजरीचे पोट मासळीबाजारात भरत नाही. तिथली मांजरे तिला हद्दीत येऊ देत नाहीत, तिला रस्ता ओलांडता येत नाही आणि ती बहुधा काही दिवसांतच मरते. उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत पाळीव जनावर सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे.

आता चिंगीविषयी. निंबोणीताई, तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहे: ती कोरडे खाणे अर्धवट टाकते. बोक्याची घटना नजरेत भरणारी आहे म्हणून सगळे लक्ष तिकडे जाते. परंतु शांत स्वभावाचे मध्यमवयीन मांजर अचानक चावू लागले तर कुठे दुखते आहे का, हे आधी तपासावे लागते. मांजर दुखणे लपवते. ते कण्हत नाही, लंगडतही नाही, फक्त जवळ येणारा हात त्याला नकोसा होतो.

आज रात्री तिला खाताना चार हातांवरून, तिच्या नकळत बघा. दाणा तोंडात घेऊन खाली पाडते का? मान एका बाजूला कलती करून एकाच जबड्याने चावते का? ताटलीपाशी भुकेने येऊन, एक घास घेऊन, फिस्कारून मागे सरते का? मांजरांमध्ये दात मुळाशी विरघळत जाण्याचा एक आजार बराच आढळतो. वरून हिरडीवर जेमतेम लाल ठिपका दिसतो, पण आत मज्जातंतू उघडा पडलेला असतो आणि वेदना भयंकर असतात. त्याचे नेमके निदान भूल देऊन तोंडाचे एक्स-रे काढल्याशिवाय होत नाही. याखेरीज सांधेदुखी, मूत्राशयाचा दाह आणि थोडे अधिक वय असते तर थायरॉईडही मी तपासले असते. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे बोका असेल आणि तो वाळूच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन कुंथत असेल, लघवी थेंबथेंब होत असेल किंवा होतच नसेल, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेते.

आणखी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. तिला दुखत असेल असे वाटून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळीसुद्धा मांजराला मारायला पुरते आणि ‘लहान मुलाचे औषध थोडेसेच दिले होते’ असे सांगत आलेली माणसे मी रडताना पाहिली आहेत. दवाखान्यात नेण्याआधी ती फारच बिथरत असेल तर तुमच्या डॉक्टरांना फोन करा. प्रवासाआधी देण्याचे शांत करणारे औषध ते तिच्या वजनाप्रमाणे सांगू शकतील.

केवडा (ठाणे)

डॉक्टरांचे म्हणणे अगदी योग्य आहे, तपासणी आधी व्हायलाच हवी. तरीही बोक्याचा भाग मला दुय्यम वाटत नाही, कारण हेच आमच्या घरात घडून गेले आहे. काचेपलीकडच्या मांजरावर तुटून पडायची ऊर्मी दाटून येते, मध्ये काच असते, आणि त्या वेळी जो हात किंवा पाय जवळ येईल त्यावर ती ऊर्मी उतरते. सासूबाईंना तिने सासूबाई म्हणून चावलेले नाही, हे त्यांना जरूर सांगा. माझ्या आईला ते समजेपर्यंत ती आमच्या मांजराशी एक महिनाभर बोलली नव्हती.

ही खवळलेली अवस्था पाच मिनिटांत ओसरते असे आम्ही समजत होतो आणि तीच आमची चूक ठरली. ती काही तास, कधी काही दिवसही टिकते, आणि तेवढ्यात बोका पुन्हा दिसला तर सगळे पहिल्यापासून सुरू होते. शिवाय ज्या माणसाला चावले ते माणूस दिसले तरी मांजराला तो प्रसंग आठवतो. आम्ही एक खोली पडदे ओढून अंधारी केली, तिथे पाणी, खाणे आणि वाळूचा ट्रे ठेवला आणि दोन दिवस त्याला पूर्णपणे एकटे सोडले. आम्ही त्याला उचलले नाही, समजावले नाही, डोळ्यांत डोळे घालून पाहिलेही नाही. रागावणे, पाणी उडवणे, वर्तमानपत्र आपटणे यांतून मांजर एवढेच शिकते, की आपली भीती खरी होती.

तिसऱ्या दिवसापासून मी दारात पाठमोरी, जमिनीवर बसू लागले. मोठ्याने पुस्तक वाचायचे आणि अधूनमधून उकडलेल्या कोंबडीचा तुकडा मागे सरकवायचा, एवढेच. सहाव्या दिवशी त्याने माझ्या कोपराला डोके घासले, तेव्हाही मी हात पुढे केला नाही. मन आवरणे कठीण गेले, पण ते आवरले म्हणून पुढचे सोपे झाले.

काचेच्या खालच्या अडीच फुटांवर दुधी रंगाचा चिकटकागद लावा, म्हणजे उजेड येईल पण बोका दिसणार नाही. त्याने गॅलरीत फवारा मारला असेल तर वासानेही ती खवळत राहील. ती जागा मूत्राचा वास मोडणाऱ्या एन्झाइमयुक्त द्रवाने धुवा. फिनेल मात्र मुळीच वापरू नका, मांजरांना ते विषारी असते आणि पंजे चाटताना ते त्यांच्या पोटात जाते. घोट्यांवर झेप घेण्याचे म्हणाल तर काही दिवस सर्वांनी जाड पायजमा आणि मोजे घालावेत आणि हातात एक उशी ठेवावी. ती मारण्यासाठी नव्हे, मध्ये आड धरण्यासाठी. ती पुढे आली तर पळू नका, उशी आड धरून सावकाश बाजूला व्हा.

निंबोणी (पुणे)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सोनटक्काताई, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच संध्याकाळी सासूबाईंना घेऊन गेलो. हात तोवर मनगटापर्यंत सुजला होता. इम्युनोग्लोब्युलिन आणि लस दिली, सात दिवस प्रतिजैविके चालली आणि आता दोन फिकट खुणा तेवढ्या उरल्या आहेत. दहा दिवसांनी चिंगी व्यवस्थित असल्याचे पाहून डॉक्टरांनी पुढचा डोस थांबवला.

डॉक्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी त्या रात्री दाराआडून बघत राहिले. चिंगीने दाणा उचलला, उजवीकडे मान कलती केली, एकदाच चावली आणि तोंड असे झटकले की दाणा फरशीवर उडाला. मग ती त्या दाण्याकडे बघून फिस्कारली. दाण्याकडे! मला तिथेच रडू कोसळले, कारण आदल्या आठवड्यात मी हेच पाहून ‘फार नखरे झाले आहेत हिचे’ असे म्हटले होते. खालच्या जबड्यात डाव्या बाजूला दोन दात मुळाशी विरघळलेले निघाले. भूल देऊन ते काढले, टाके आपोआप विरले आणि आठवडाभर तिला मऊ खाणेच दिले. रेबीजची राहिलेली लस ती पूर्ण सावरल्यावर द्यायची असे ठरले आहे.

केवडाताई, काचेवर कागद त्याआधीच लावला होता. दात काढल्यावर पाचव्या दिवशी ती फ्रिजवरून उतरून माझ्या मुलाच्या दप्तरावर जाऊन झोपली. झेप घेणे थांबले आहे. फक्त गॅलरीचे दार सरकवल्याचा आवाज झाला की तिचे कान अजून मागे जातात, म्हणून ते दार आम्ही संध्याकाळनंतर उघडत नाही. सासूबाई तिला जवळ घेत नाहीत, पण साय आता वाटीत घालून जमिनीवर ठेवतात आणि दोन पावले मागे सरकून, ती चाटून संपवेपर्यंत तिथेच उभ्या राहतात.

औषधपाणी (कोल्हापूर)

फार समाधान वाटले. सासूबाईंना घाई करू नका, त्या अगदी योग्य अंतरावर उभ्या आहेत. साय मात्र चमचाभरच असू द्या, अनेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. त्या बोक्याचे काय ठरले? त्याची नसबंदी झाली नाही तर तो फवारे मारायला आणि भांडायला येतच राहील.

निंबोणी (पुणे)

त्याला खाली एक काका रोज खायला घालतात, त्यांच्याशी बोलले. त्यांनी त्याची ताटली आमच्या आंब्याखालून हलवून इमारतीच्या मागच्या बाजूला नेली आहे. शनिवारी आम्ही दोघे मिळून त्याला पिंजऱ्यात घेणार आहोत. शस्त्रक्रियेचा खर्च निम्मा निम्मा वाटून घ्यायचे ठरले आहे.