एकच देव, पण शेजार मोठा

काहीजण म्हणतात की प्राचीन इस्रायली लोक पहिल्यापासून एकेश्वरवादी होते आणि शेजाऱ्यांच्या पुराणकथांशी त्यांचा काही संबंध नव्हता. हे पटत नाही.

1928 साली सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याचा नांगर जुन्या थडग्याच्या दगडाला अडला आणि पुढच्या वर्षापासून तिथे उत्खनन सुरू झालं. त्यातून उगारित हे शहर आणि त्याच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत बआल हा वादळाचा देव यम्म म्हणजे समुद्राशी लढतो. (आपल्या यमाशी याचा संबंध नाही, नाहीतर लगेच कोणीतरी जोडेल!) सात डोक्यांच्या लोतान नावाच्या सर्पाला मारल्याचाही उल्लेख आहे. आता बायबलमधला यशया 27:1 काढून बघा. तिथे परमेश्वर लिव्याथानाला मारणार आहे, आणि त्या सर्पाची ‘पळणारा’, ‘वेटोळे घालणारा’ ही विशेषणं जवळपास शब्दशः लोतानचीच आहेत. मधे कित्येक शतकं गेली, उगारित तर इ.स.पू. 1200 च्या सुमारास उद्ध्वस्त झालं, तरी ओळ टिकली.

सिनाईतल्या ‘कुंतिलेत अजरूद’ या ठिकाणचे लेख याहून मजेशीर. इ.स.पू. 800 च्या आसपासच्या रांजणांवर ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलाय. (याहवे म्हणजे बायबलमधला परमेश्वर, शोमरोन म्हणजे उत्तरेकडच्या इस्रायल राज्याची राजधानी.) अशेरा म्हणजे देवी की पूजेचा लाकडी खांब, यावर अभ्यासकांचं अजून जुंपतं. मला देवीच वाटते.

फरक आहेच. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात लढाई नाही. देव नुसता बोलतो आणि जग होतं. बाबिलोनच्या मर्दुक देवाला मात्र आधी तियामत या समुद्रदेवीला चिरावं लागतं.